ताण किती असावा?



या व्यासपीठावरून काल-परवा मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला पाट मांडून बसवण्याचे धाडस व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची कीव करावी, हे आपण तासाभराने ठरवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शाळेबाहेरच्या माणसांपर्यंत ज्ञान जावे म्हणून. मी त्या शाळेबाहेरच्या माणसांपैकीच एक आहे. माझे जे काही शिक्षण झाले ते अशा सभांच्या मागच्या रांगेत उभे राहून आणि वाचनालयात कोश उघडून बसून झाले.

चिटणीसांनी मला विषय सुचवला होता, ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’. मी म्हटले, मी मोटारसायकलच्या पट्ट्यावर बोलतो. ते हसले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. थट्टा नाही. गेल्या पावसाळ्यात या पट्ट्याने मला असा एक धडा दिला की, तीस वर्षे संघटनेचे काम करून जे कळले नव्हते ते कळले. तो धडा आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू.

प्रथम पट्टा म्हणजे कोणता ते सांगतो. मोटारसायकलच्या इंजिनात किंवा विजेच्या मोटारीत जी शक्ती तयार होते ती मागच्या चाकापर्यंत पोचवावी लागते. हे पोचवण्याचे शेवटचे काम आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींवर साखळी करते. काही गाड्यांवर ते दातेरी पट्टा करतो. आपल्यापैकी पुष्कळांकडे अ‍ॅक्टिव्हासारखी स्कूटर असेल आणि तिच्यातही बेल्ट असतो हे मेकॅनिकने सांगितले असेल. तो निराळा. तो आतल्या पेटीत बंद असतो, वेग बदलण्याचे काम करतो आणि चाकाला शेवटची गती गिअरच देतात. मी बोलतो आहे तो मागच्या चाकाशेजारी उघडा दिसणारा पट्टा. परदेशी हार्ले-डेव्हिडसनवर तो असतो. आता एथर ४५० आणि रिव्होल्ट आरव्ही ४०० यांसारख्या आपल्या देशात बनणाऱ्या विजेच्या गाड्यांवरही आहे. म्हणजे जी वस्तू शौकिनांच्या गाडीवर होती, ती आता पोटासाठी दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या पोरांच्या गाडीखाली आली आहे.

माझी आणि पट्ट्याची ओळख मात्र जुनी. शाळा सुटल्यावर मी तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरणीत लागलो. मोटारीच्या पुलीवरून जात्याच्या पुलीवर जाणारा रुंद, सपाट पट्टा. त्याला दात नाहीत, खाचा नाहीत. तो चालतो केवळ घर्षणावर. पुलीला घट्ट चिकटला तर ओढतो, सैल पडला तर घसरतो, शिट्टी वाजवतो आणि जाते मंद होते. ज्वारी ओलसर असली, जात्यावर भार आला, की पट्टा ओरडायचा. मग आमचे मालक चिमूटभर राळ कुटून पट्ट्यावर टाकीत. तेवढ्याने भागले नाही तर पट्टा कापून आखूड करीत आणि पुन्हा जोडीत. ‘पट्टा ओरडला की ताण दे,’ हे त्या गिरणीतले पहिले सूत्र. सपाट पट्ट्याच्या बाबतीत ते सूत्र खरे होते, आजही खरे आहे. हे सूत्र लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच माझा घात केला.

मोटारसायकलचा इतिहास पाहिला तर तिचा जन्मही अशाच घर्षणाच्या पट्ट्यावर झाला. हार्ले-डेव्हिडसनच्या सुरुवातीच्या गाड्या चामड्याच्या पट्ट्यावर चालत. इंग्लंडात रबर आणि कॅनव्हासचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा असे. कोरड्या रस्त्यावर तो मऊ, बिनआवाजी चाले. पावसात मात्र घसरे आणि चढावर तुटे. १९११ साली आइल ऑफ मॅन बेटावरची प्रसिद्ध शर्यत प्रथमच डोंगराच्या रस्त्यावर नेली. तिथे साखळी लावलेल्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पट्टा लगेच हरला असे नव्हे. १९१४ साली ‘रज मल्टी’ नावाच्या पट्ट्याच्याच गाडीने ती शर्यत जिंकली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराला ट्रायम्फची ‘मॉडेल एच’ ही गाडी सुमारे तीस हजार पुरवली गेली, तिच्या मागच्या चाकालाही पट्टाच होता. लष्कराचे निरोपे त्या गाड्यांवरून चिखलपाण्यात कागद पोचवीत. आज आपल्या दारात पार्सल घेऊन येणाऱ्या पोराचे हे पूर्वजच म्हणायचे. पण युद्धानंतर काही वर्षांत साखळीने पट्ट्याला रस्त्यावरून हुसकून लावले, आणि पट्टा कारखान्यात व पिठाच्या गिरणीत उरला.

तो परत आला तो दात घेऊन. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी आतून दाते असलेला पट्टा तयार झाला. सुई आणि खालचा धागा यांचा मेळ एका टाक्यानेही चुकून चालत नाही, म्हणून न घसरणारा पट्टा हवा होता. पण मोटारसायकलचा हिसका सोसण्याइतका तो बळकट नव्हता. १९६५ साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलर ज्यापासून झाले तो धागा शोधून काढला. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या अंगरख्यात जो वापरतात, तोच. या जातीच्या धाग्यांच्या दोऱ्या पट्ट्याच्या पोटात घातल्या, आणि १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने ‘स्टर्जिस’ नावाची गाडी दातेरी पट्ट्यावर रस्त्यावर आणली. पुढच्या दहाबारा वर्षांत त्या कंपनीच्या जवळजवळ सर्व गाड्यांवर पट्टा आला. सुझुकी आणि कावासाकी यांनीही आपल्या काही गाड्यांना तो लावला.

कारण उघड आहे. साखळीला दर पाचशे-हजार किलोमीटरला तेल हवे, ती ताणली जाते, धूळ खाते, खडखडते. पट्ट्याला तेल नको, तो आवाज करीत नाही, आणि नीट राखला तर साखळीच्या कितीतरी पट टिकतो. मात्र त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. साखळीची एक कडी तुटली तर रस्त्याकडेला नवी घालता येते. पट्टा अखंड असतो; तो कापता येत नाही, जोडता येत नाही. कित्येक गाड्यांवर नवा घालायचा तर मागच्या चाकाचा सगळा सांगाडा सोडवावा लागतो, म्हणजे पट्ट्याच्या किमतीपेक्षा मजुरी जड. आणि साखळी जाण्याआधी महिनाभर कुरकुरते. पट्टा पुष्कळदा काही न बोलता जातो.

आता माझ्या धड्याकडे येतो. आमच्या संघटनेत घरोघर माल पोचवणारी काही मुले आहेत. त्यांतल्या एकाने कर्ज काढून विजेची दुचाकी घेतली. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. जुलै महिन्यात तो कार्यालयात आला आणि म्हणाला, “काका, गाडीचा बेल्ट शिट्टी मारतोय.” मी खाली जाऊन पाहिले. पट्टा! माझ्या ओळखीचा पट्टा! मी गिरणीतल्या तोऱ्यात म्हणालो, “अरे, ओरडतोय म्हणजे सैल झालाय. दे ताण.” आणि नुसते सांगून थांबलो नाही, पाना मागवला आणि बोटाने दाबला तर हलेना इतका तो माझ्या हाताने ताणून दिला.

शिट्टी थांबली. चार दिवसांनी तो म्हणाला, “काका, आता घुमल्यासारखा आवाज येतो.” मी म्हटले, नवा ताण आहे, बसेल. पाचसहा आठवड्यांनी पुढच्या पुलीचे बेअरिंग गेले आणि गाडी उभी राहिली. आठ दिवस काम बंद, म्हणजे आठ दिवस मजुरी बंद. आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही.

मी तावातावाने त्याला घेऊन दुरुस्तीच्या केंद्रावर गेलो. वर्षभराच्या आत गाडी बसली, भरपाई द्या, असे भांडण करण्याची माझी पुरी तयारी होती. तिथे आयटीआय झालेली एक मुलगी काम करीत होती. तिने माझे सगळे भाषण शांतपणे ऐकले, पट्ट्यावर बोट ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, “काका, हा ताणला कोणी?”

बंधुभगिनींनो, मी पुष्कळ मालकांसमोर बोललो आहे, पण त्या मुलीसमोर मला शब्द सुचेना. तो पोरगा माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हता. त्याला माझी लाज राखायची होती. शेवटी मीच म्हणालो, “मी.”

तिने समजावून दिले ते असे. सपाट पट्टा घर्षणावर ओढतो म्हणून त्याला घट्ट धरावे लागते. दातेरी पट्टा दात खाचेत बसवून ओढतो. त्याला मिठी मारायची गरजच नाही. त्याची सैल बाजू उडी मारून दात चुकवणार नाही, एवढाच ताण पुरे. त्याहून जास्त दिलेला ताण गाडी पुढे नेण्याच्या कामी येत नाही. तो दोन्ही चाकांच्या बेअरिंगवर रात्रंदिवस बसून राहतो. आणि शिट्टी? ती बहुधा धुळीची असते, किंवा चाक किंचित तिरके बसल्यामुळे पट्टा पुलीच्या कडेला घासतो त्याची. म्हणजे रोग एक आणि मी औषध दिले दुसरेच.

मी तिला म्हटले, ताण किती द्यायचा हे कुठे लिहिले आहे ते पुस्तक मला दाखव. ती म्हणाली, “ते बाहेर द्यायची परवानगी नाही.” गाडीबरोबर मालकाला मिळालेल्या पुस्तिकेत पट्ट्याबद्दल एवढेच होते की, तो अधिकृत केंद्रात तपासून घ्यावा. मग मी हार्लेच्या जुन्या इंग्रजी दुरुस्ती-पुस्तिका मिळवल्या आणि कोश शेजारी घेऊन महिनाभर वाचल्या. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, ताण हा मापाचा विषय आहे, जोराचा नाही. दोन पुलींच्या मध्यावर पट्ट्याला दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोचा जोर द्यायचा आणि तो किती मिलिमीटर सरकतो ते पाहायचे. किती सरकावा हा आकडा दर गाडीचा निराळा. काही गाड्यांवर पट्ट्याच्या आवरणाला लहानशी खिडकी आणि शेजारी रेघा असतात, त्या याचसाठी. वेगळे हत्यार नसले तरी भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा आणि शाळेतली पट्टी यांवर काम भागते. माप गाडी थंड असताना घ्यावे आणि चाक फिरवून तीनचार ठिकाणी घ्यावे. जिथे पट्टा सर्वांत घट्ट लागेल ते माप धरावे. आणखी एक: खड्ड्यातून जाताना मागचे चाक वरखाली होते तसा ताणही बदलतो. गाडी उभी असताना बेताचा वाटलेला ताण दोन माणसे बसल्यावर वाढू शकतो. म्हणून माप रिकाम्या गाडीवर घ्यायचे की माणूस बसवून, हेही त्या त्या गाडीच्या नियमाप्रमाणेच करावे.

दुसरी गोष्ट, चाक सरळ हवे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फिरवले पाहिजेत. चाक हाताने फिरवून पाहावे. पट्टा सतत एकाच कडेला घासत असेल तर चाक तिरके आहे.

तिसरी, पट्ट्याला तेल लावू नये. आमच्या गॅरेजवाल्या बंधूंचा हात साखळीच्या सवयीने तेलाच्या डब्याकडे जातो. तेलाला धूळ चिकटते आणि ती पट्टा कुरतडते. साधे साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि नंतर कोरडे फडके, एवढे पुरते. पावसाळ्यात चिखल वाळण्यापूर्वी धुतला तर निम्मी शिट्टी तिथेच थांबते.

चौथी, पट्टा दुमडू नये. दुकानातून नवा पट्टा आणताना सुतळीने आवळून पिशवीत कोंबतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आतल्या दोऱ्या ओढायला पोलादासारख्या, पण मुडपायला नाजूक. नियम असा की, पुढच्या लहान पुलीपेक्षा लहान वेटोळे कधी करू नये, आणि उलटा तर मुळीच वाकवू नये. मुडपलेल्या पट्ट्यावर बाहेरून काही दिसत नाही. तो पुढे कधीतरी भर रस्त्यात तुटतो. काढलेला पट्टा परत घालायचा असेल तर आधी खडूने बाणाची खूण करावी आणि ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने घालावा.

पाचवी, खडा. दात आणि पुली यांच्यामध्ये खडा सापडला तर पट्ट्याला भोक पाडतो. भोक मधोमध असेल तर नजर ठेवून काही दिवस चालते. कडेला असेल तर पट्टा बदलावा. दातांच्या मुळाशी चिरा पडल्या, दात झडला, तरीही बदलावा. खालचे आवरण खडा अडवण्यासाठी असते. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणारे शौकीन आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या पट्ट्यांना कुंपण घालणे मालकांवर बंधनकारक केले, ते कामगारांचे हात आणि धोतरे पट्ट्यात जाऊ लागली म्हणून. तिथे कुंपण माणसाला पट्ट्यापासून वाचवी. इथे ते पट्ट्यालाही वाचवते आणि ओढणीलाही.

सहावी, पुली. तिच्यावर कडक मुलामा असतो. तो झिजला की पुली कानशीसारखी होते आणि नवा पट्टाही लवकर खाते. परीक्षा सोपी आहे: चांभाराची आरी दातांवरून मध्यम जोराने ओढावी. नुसती घसरली तर मुलामा शाबूत. रुतली आणि चकचकीत ओरखडा उठला तर पुली बदलावी.

आता सुधारणांविषयी थोडे. जुन्या पट्ट्याच्या जागी कार्बन धाग्याचा पट्टा घालतात. तो तेवढ्याच रुंदीत अधिक भार सोसतो. काही जण साखळी काढून पट्टा बसवतात. काही जण पुली बदलून गाडीची चाल बदलतात. समजा, पुढे ३२ दाते आणि मागे ७० आहेत. पुढची पुली २.१९ वेळा फिरेल तेव्हा मागचे चाक एकदा फिरेल. पुढे ३० दात्यांची घातली तर हे प्रमाण २.३३ होईल, चढावर जोर वाढेल आणि सपाटीवर वेग कमी होईल. पण पुली बदलली की पट्ट्याची लांबीही कमीजास्त लागते, आणि पट्टा तर कापता येत नाही. म्हणून आधी कागदावर हिशेब करावा आणि मग पाना हातात घ्यावा. माझे मत विचाराल तर, ज्याची रोजी गाडीवर आहे त्याने सुधारणेपेक्षा निगराणीवर पैसे खर्च करावेत. सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचा स्प्रिंगचा काटा.

आता शेवटचे. संपाच्या वेळी आम्हाला सगळेच जण बजावतात, ‘तुटेपर्यंत ताणू नये.’ आम्हीही मान डोलावतो. पण मी जो पट्टा ताणला तो तुटला नाही, हे ध्यानात घ्या. तो शेवटपर्यंत धडधाकट होता. गेले ते आत दडलेले बेअरिंग. त्या रात्री मला आमचा एक जुना संप आठवला. तो आम्ही चार महिने ताणला. मालक तुटला नाही, संघटनाही तुटली नाही. मला त्याचा अभिमान होता. पण त्या चार महिन्यांत दोन घरांतल्या मुलींची शाळा सुटली, ती परत सुरू झाली नाही. ती गोष्ट माझ्या अहवालात कुठेच नव्हती. संप चुकला होता असे मी म्हणत नाही. जिथे दिसते तिथेच आम्ही ताण मोजला, एवढे मात्र म्हणतो.

दुरुस्तीचा निम्मा खर्च मी दिला. तो मुलगा घेत नव्हता, म्हणाला, “काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत.” चांगल्यासाठीच केले होते, म्हणूनच पैसे दिले पाहिजेत, असे मी त्याला सांगितले, आणि पुढच्या सभेत सर्वांसमोर चूक कबूल केली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यालयाच्या अंगणात आम्ही पट्टे तपासतो. एक काटा, एक पट्टी, एक वही. ती आयटीआयची मुलगी सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवते. शेजारचे दोन गॅरेजवालेही येऊ लागले आहेत.

मात्र त्या वहीतला ‘किती मिलिमीटर’ हा रकाना काही गाड्यांच्या बाबतीत अजून रिकामा आहे, कारण तो आकडा कुणी सांगत नाही. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती यंत्रे आणि वाहने हे चार विषय तिच्याकडे दिले. माझी मागणी फार मोठी नाही. गाडी विकता तेव्हा ताणाचा आकडा तिच्या अंगावर छापा, मराठीत छापा. टायरमध्ये हवा किती भरावी हे गाडीवर लिहिता, तसाच हाही एक आकडा. तो नसला की माझ्यासारखा जुना माणूस प्रामाणिकपणे, प्रेमाने आणि चुकीचा पाना फिरवतो.

आपणांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी पहिल्या रविवारी अवश्य यावे.